शेवटचा ‘यो’

त्याच्या शर्टाच्या आत माइक लावताना आमची ओळख झाली. 2019 चा फेब्रुवारी होता, व्हँकुव्हरला लागून असलेल्या बर्नबीतल्या एका स्टुडिओत अमेरिकन मालिकेचं शूटिंग चाललं होतं, आणि तो होता अँब्युलन्सबरोबर येणारा दोन वाक्यांचा कर्मचारी. लेपल लावताना नटाच्या छातीला हात लागतो, म्हणून मी आधी सांगते, मगच टेप चिकटवते. छोट्या भूमिकेतले नट तेवढा वेळ छताकडे बघत उभे राहतात. यानं मात्र खाली माइककडे बघत विचारलं, “माझं दुसरं वाक्य नीट येईल ना? मागच्या कामात ते ट्रकच्या आवाजात गेलं. आईला टीव्हीवर फक्त माझे ओठ हलताना दिसले.”

मी म्हटलं, दोन्ही वाक्यं नीट घेते. घेतलीही.

जेवणाच्या सुट्टीत तो ताट घेऊन माझ्यासमोर बसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “तुझं वय काय?” बाजूला बसलेल्या कॅमेऱ्याच्या मुलानं दचकून वर पाहिलं. मला काहीच वाटलं नाही. सांगलीत आमच्या वाड्यात नव्या माणसाला गाव, आडनाव आणि वय विचारल्याशिवाय पाणीसुद्धा मिळत नसे, कारण त्याशिवाय त्याला काय म्हणून हाक मारायची ते ठरत नाही. तो कोरियन, त्यांच्यातही तेच. मी चौतीस, तो अठ्ठावीस. “मग तू नूना,” तो म्हणाला. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीला हाक मारायचा तो शब्द. मी सांगितलं, आमच्यात ताई म्हणतात. पण नूनाच टिकलं, आजही तेच आहे. त्याचं नाव मी इथे देणार नाही. अजून तो नाव करतोय, आणि ते त्याच्या कामावरच व्हावं असं मला वाटतं.

मी पुण्यात साऊंड शिकले, मुंबईत सात वर्षं मालिका केल्या आणि 2015 पासून व्हँकुव्हरमध्ये आहे. या शहरात काम भरपूर. ऐंशीच्या दशकापासून अमेरिकन मालिका आणि चित्रपट इथे येतात, करात सवलत मिळते, डॉलरचा फरक पडतो, लॉस एंजेलिस एकाच टाइम झोनमध्ये. पण पडद्यावर हे शहर व्हँकुव्हर म्हणून क्वचितच दिसतं. ते सिॲटल होतं, न्यूयॉर्क होतं. नंबर प्लेटा बदलतात, टपालपेट्या बदलतात. माझ्या मित्राचंही तसंच होतं. सहा वर्षांत तो चिनी हॅकर, जपानी कंपनीचा अधिकारी, व्हिएतनामी गुंड आणि तीन वेळा डॉक्टर झाला होता. कोरियन माणूस एकदाही नाही.

त्यानंच मला फिलिप आन यांच्याबद्दल सांगितलं. कोरियाच्या स्वातंत्र्यलढ्यातले नेते आन चांग-हो यांचा हा मुलगा, जन्म 1905 चा, लॉस एंजेलिसचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हॉलिवूडनं त्यांना सतत जपानी खलनायकाच्या भूमिका दिल्या. कोरियावर तेव्हा जपानचं राज्य होतं आणि वडील जपान्यांच्या कैदेत खंगून 1938 मध्ये वारले होते. मुलगा मात्र पडद्यावर जपानी गणवेश घालून उभा. मी हे ऐकलं त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही.

2020 मध्ये ऑडिशन घरातून व्हायला लागल्या. नटानं स्वतःच फोनवर शूट करून पाठवायचं. त्याला सेल्फ टेप म्हणतात. समोरच्या पात्राची वाक्यं वाचायला कॅमेऱ्याच्या बाजूला कुणीतरी लागतं, आणि ती वाचणारी बहुतेक वेळा मीच असायचे. तो आईबरोबर कोक्विटलममध्ये राहतो. नॉर्थ रोडला लागून, म्हणजे जिथे दुकानांच्या पाट्या हान्गुल या कोरियन लिपीत असतात त्या भागात. त्याच्या खोलीत भिंतीवर निळा कागद, दोन दिवे, आणि कपाटाला टेकून मी.

2021 च्या शरद ऋतूतली ती टेप मला अजून आठवते. भूमिका किराणा दुकानदाराची होती. पहिली टेप पाठवल्यावर उत्तर आलं, काम छान आहे, पण उच्चार ‘थोडे आणखी कोरियन’ हवेत. तो दहाव्या वर्षी इथे आलेला. त्याचं इंग्रजी या गल्लीतल्या पोरांचं इंग्रजी आहे. त्यानं क्षणभर डोळे मिटले, मग म्हणाला, चल. आणि जे बोलला ते इतकं अचूक होतं की मी माझं वाक्य वाचायचं विसरले. कुठे अडखळायचं, कुठला ‘फ’ ‘प’ होतो, कुठल्या शब्दाच्या शेवटी नसलेला स्वर लागतो, सगळं बरोबर.

दार अर्धवट उघडं होतं. त्याची आई नाशपाती कापून घेऊन आली होती. ते मोठे गोल कोरियन नाशपाती, सोलून, फोडी करून, प्रत्येक फोडीला छोटा काटा टोचलेला. बशी टेबलावर ठेवून ती कोरियनमध्ये काहीतरी म्हणाली आणि गेली. तो नुसता उभा राहिला. खाली पार्किंगमध्ये मला सोडायला आला तेव्हा मी विचारलं, आई काय म्हणाली? तो म्हणाला, “तिनं विचारलं, मी असं बोलते का?”

ती भूमिका त्याला मिळाली. भाडं द्यायचं होतं, त्यानं ती केली. पण त्या आठवड्यातच त्यानं लिहायला घेतलं. तोपर्यंत तो नट होता. दिग्दर्शक व्हायची भाषा त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकली ती त्या पार्किंगमध्ये.

गोष्ट त्याच्या वडिलांची होती. कोरियन भाषेत ‘गिरॉगी आप्पा’ असा एक शब्द आहे. गिरॉगी म्हणजे रानहंस, आप्पा म्हणजे बाबा. मुलांच्या शिक्षणासाठी आई मुलांना घेऊन परदेशी जाते, बाप कोरियात एकटा राहून पैसे पाठवतो आणि रानहंसासारखा वर्षातून एकदा समुद्र ओलांडून भेटून जातो. पूर्वी कोरियन लग्नात नवरा लाकडी रानहंस घेऊन यायचा, कारण हा पक्षी जोडीदार बदलत नाही असं मानतात. 1997 च्या आर्थिक संकटानंतरच्या वर्षांत अशी कितीतरी घरं दोन देशांत वाटली गेली. माझा मित्र 2001 मध्ये आईबरोबर आला. वडील इंचॉनला राहिले. आधी वर्षातून एकदा यायचे, मग दोन वर्षांतून, मग सहा वर्षं आलेच नाहीत.

वाचन पहिल्यांदा झालं तेव्हा त्यानं “आप्पा” म्हटलं आणि मी मान वर केली. आमच्या घरी आजोबांना अप्पा म्हणायचे. अर्थ निराळा, वजन तेच.

संहिता तयार झाल्यावर दीड वर्ष काही हललं नाही. दोन अनुदानांचे अर्ज नामंजूर झाले. मधल्या काळात, 2022 च्या सप्टेंबरात, अँथनी शिम यांच्या ‘राइसबॉय स्लीप्स’ला टोरोंटोच्या महोत्सवात प्लॅटफॉर्म पुरस्कार मिळाला. कोरियात जन्मलेला, लहानपणी ब्रिटिश कोलंबियात आलेला, आधी नट आणि मग दिग्दर्शक झालेला माणूस, आणि चित्रपट कोरियन आई-मुलाचा, 16 मिलिमीटर फिल्मवर काढलेला. आमच्याच शहरातला. मित्रानं मला फोन केला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. त्याआधी 2021 मध्ये कोरियन वंशाच्या स्टीव्हन यन यांना प्रमुख अभिनेत्याच्या ऑस्करचं नामांकन मिळालं होतं, ते मिळवणारे पहिले आशियाई अमेरिकन. तेव्हाही तो खूश झाला होता. पण हे वेगळं होतं. हे शेजारच्या आळीत घडलं होतं.

मग 2 मे 2023 ला अमेरिकन लेखक संपावर गेले आणि 14 जुलैला नट. कॅनडातल्या नटांची संघटना वेगळी आहे, ती संपावर नव्हती, पण इथलं बहुतेक काम अमेरिकन स्टुडिओंचं. सगळं शहर थांबलं. मी तेरा आठवडे घरी होते. जमा पैसे मोजत होते, केबल स्वच्छ करून गुंडाळत होते, पुन्हा सोडत होते. तो काळ कुणावर येऊ नये. पण त्यामुळेच एरवी ज्यांचा एक दिवस आम्हाला परवडला नसता अशी माणसं घरी बसून होती, आणि त्याचं काम कॅनडाच्या संघटनेच्या नियमांत करता येत होतं. त्यानं एकेकाच्या दारात जाऊन विचारलं. कॅमेरावाली दोन मोठ्या मालिका केलेली बाई, ती जेवण आणि पेट्रोलवर आली. त्याच्या आईनं अठरा हजार डॉलर दिले. ते तिनं कशासाठी ठेवले होते हे मला माहीत आहे, पण ते सांगायचा हक्क तिचा आहे.

शूटिंग पाच दिवसांचं. तो स्वतः मुलाच्या भूमिकेत. वडिलांच्या भूमिकेसाठी त्यानं नट घेतला नाही. नॉर्थ रोडवर कपडे ड्रायक्लीन करणारे एक गृहस्थ आहेत, ते स्वतः अकरा वर्षं गिरॉगी आप्पा होते. आईचं काम करणाऱ्या बाई अडुसष्ट वर्षांच्या. तरुणपणी सोलमध्ये नाटकात काम केलेलं, इथे येऊन तीस वर्षं सुशीचं हॉटेल चालवलं. हॉटेलात गिऱ्हाईक म्हणून गेलो की त्या त्याला नुसत्या नावानं हाक मारायच्या, अरे-तुरे करायच्या, पाठीत धपाटा घालायच्या. सेटवर पहिल्या सकाळी आल्या आणि कमरेत वाकून म्हणाल्या, “गामदोंगनिम.” दिग्दर्शक साहेब. त्याचा चेहरा लाल झाला. पाचही दिवस त्या त्याच्याशी आदरार्थीच बोलल्या, आणि शेवटच्या दिवशी पॅकअप झाल्या क्षणी पुन्हा धपाटा.

घर त्याचंच. साऊंडवाल्याच्या दृष्टीनं कोरियन घरात एक अडचण असते. फ्रिज दोन असतात. एक नेहमीचा, एक फक्त किमचीचा, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या तिखट भाजीचा. टेक घेताना दोन्ही बंद करायचे, नाहीतर वाक्याखाली घूं घूं येत राहतं. आणि बंद केलेला फ्रिज दिवस संपल्यावर चालू करायला माणूस विसरतो. आमच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे. गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे घरी जाताना फ्रिज उघडावाच लागतो. पहिल्या दिवशी मी किल्ली किमचीच्या डब्यांवर ठेवली, आणि पुढचा महिनाभर माझ्या गाडीला लसूण आणि मिरचीचा वास येत होता. त्याची आई दर तासाला येऊन डब्याला हात लावून बघायची, गरम तर झाला नाही ना. तिला मी दर वेळी मराठीत म्हणायचे, “काही होत नाही हो काकू.” ती कोरियनमध्ये काहीतरी म्हणायची. आमचं छान चाललं होतं.

दर चार-पाच मिनिटांनी खालून स्कायट्रेन जायची. तिचा आवाज लांबून चढत येतो, शीळ घातल्यासारखा. आम्ही दोन गाड्यांच्या मधल्या फटीत टेक घ्यायचो.

गोष्ट चुसकच्या दिवशी घडते. चुसक म्हणजे त्यांच्या आठव्या चांद्र महिन्यातली पौर्णिमा. पूर्वजांसाठी टेबल मांडतात, नवीन पिकाचं अन्न ठेवतात, वाकून नमस्कार करतात. 2023 मध्ये ती 29 सप्टेंबरला होती, म्हणजे आपली भाद्रपद पौर्णिमा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. मी सकाळी सांगलीला फोन करून विसर्जनाच्या ढोलांचा आवाज ऐकला होता आणि दुसऱ्या दिवशी इथे पितरांचं ताट मांडताना बूम, म्हणजे लांब काठीवरचा माइक, धरून उभी होते. कॅमेऱ्याबाहेरही तो दिवस खराच होता. शूटिंग त्याच दिवशी ठेवायचा हट्ट त्याचा.

कलाविभागाच्या मुलीनं टेबल सुंदर मांडलं होतं. सफरचंदं डावीकडे, कारण तिथे खिडकीचा उजेड पडत होता. बाई आल्या, टेबलाकडे पाहिलं, आणि काही न बोलता सफरचंदं आणि खजुरासारखी लाल फळं उचलून उजवीकडे ठेवायला लागल्या, सोललेले नाशपाती डावीकडे. लाल पूर्वेला, पांढरं पश्चिमेला, असा नियम आहे. टेबल ज्या बाजूला ती उत्तर मानायची, म्हणजे वाकणाऱ्याच्या उजव्या हाताला पूर्व. कॅमेरावाली म्हणाली, फ्रेम बिघडते. तो म्हणाला, दिवा हलव. सव्वा तास गेला. मला त्या क्षणी कळलं की हा दिग्दर्शक आहे. पानात मीठ डाव्या हाताला वर वाढलं नाही तर आमची आजी ताटावर बसत नसे, तिला हा माणूस पटला असता.

आता त्या ‘यो’बद्दल.

कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. आणि समोरचा मोठा की जवळचा, हे त्या क्रियापदाच्या शेपटीत असतं. शेवटी ‘यो’ लागला की आदर. ‘यो’ नसला की जवळीक. “बाम् मॉगॉस्सॉ?” म्हणजे जेवलास का. “बाम् मॉगॉस्सॉयो?” म्हणजे जेवलात का. मला कोरियन येत नाही. पण जन्मभर बाबांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणत आलेल्या माणसाचा कान त्या जागी आपोआप जातो.

माझ्या मित्राची कोरियन दहा वर्षांच्या मुलाची आहे. तो ज्या वयात देश सोडून आला, तिथेच ती थांबली. मुलगे मोठे झाले की आप्पा म्हणायचं सोडून वडिलांना ‘आबॉजी’ म्हणायला लागतात, त्यांच्याशी जपून बोलतात. ते वळण त्याच्या आयुष्यात आलंच नाही, कारण त्या वयात वडील समोर नव्हते. संहितेत त्यानं सगळीकडे मुलाच्या तोंडी अरे-तुरेच लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराचा सीन. वडील सहा वर्षांनी येतात, हातात बॅग, मुलगा दार उघडतो, बघत राहतो, मग विचारतो, जेवलास का? तीन टेक झाले. ठीक होते. चौथ्या टेकला ते ड्रायक्लीनवाले गृहस्थ बॅग खाली ठेवायचं विसरले, तशीच धरून उभे राहिले, पाहुण्यासारखे. आणि माझ्या हेडफोनमध्ये वाक्य आलं, शेवटी एक जास्तीचं अक्षर घेऊन. हळू, जवळजवळ श्वासात. मॉगॉस्सॉ... यो.

मॉनिटरजवळच्या कुणालाच कोरियन येत नव्हतं. कंटिन्युइटीच्या मुलीनं ‘चांगला’ म्हणून खूण केली. मी माझ्या कागदावर लिहिलं: टेक 4, शेवटी ‘यो’. जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन म्हटलं, तू चौथ्यात वेगळं बोललास. तो म्हणाला, शक्यच नाही. मी हेडफोन त्याच्या कानावर चढवले आणि ऐकवलं. त्यानं पुन्हा लाव म्हणून हातानं खूण केली. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्या मशीनचं बटण स्वतः दाबून बंद केलं आणि हेडफोन तसेच कानाला लावून बसून राहिला. ताटातला भात गार झाला.

“मी त्यांना असं कधीच म्हटलेलं नाही,” तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, “पण मागच्या वेळी विमानतळावर मला तेच म्हणायचं होतं. परक्या माणसाशी बोलतोय असं वाटत होतं.”

त्या संध्याकाळी तो आणि बाई स्वयंपाकघराच्या टेबलाशी पेन्सिल घेऊन बसले आणि संहितेतलं मुलाचं एकेक वाक्य तपासलं. कुठे ‘यो’ लागेल, कुठे चुकून सुटेल, कुठे सुटल्यासारखा होऊन परत लागेल. प्रसंग एकही बदलला नाही, अर्थ एकाही वाक्याचा बदलला नाही. शेवटच्या सीनमध्ये, वडील परत जायला निघाले असताना, तोच प्रश्न पुन्हा येतो. तिथे ‘यो’ नाही.

तो शेवटचा सीन बर्नबीच्या डिअर लेकवर, बाकावर. तिथे कॅनडा गूज नावाचे मोठे पक्षी असतात आणि भयंकर ओरडतात. दोन टेक त्यांनी खाल्ले. मी बूम खाली घेऊन म्हटलं, थांबू या. तो म्हणाला, नूना, याला कोरियनमध्ये काय म्हणतात माहीत आहे? कॅनडा गिरॉगी. येऊ दे आवाज. मी नंतर एकटी थांबून पक्ष्यांचा चाळीस मिनिटांचा निव्वळ आवाज घेतला, वेगवेगळ्या अंतरावरून. अंधार पडला तेव्हा बोटं वाकत नव्हती.

एडिट करणारा मुलगा हुशार, पण फक्त इंग्रजी जाणणारा. पहिला कट आला तेव्हा दाराचा सीन मला कोरडा वाटला. टाइमलाइन उघडून पाहिली तर त्यानं वाक्याची शेपटी सात फ्रेम कापली होती. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात, म्हणजे पाव सेकंदाहून थोडं जास्त. त्याला वाटलं होतं तो उच्छ्वास आहे. त्याचा दोष नाही. इंग्रजी वाक्याचा जीव आधीच येऊन गेलेला असतो, शेवट सैल सोडला तरी चालतो. आपल्याकडे आणि त्यांच्याकडे शेवटपर्यंत ऐकावं लागतं. त्या सात फ्रेम मी परत लावून घेतल्या. अख्ख्या चौदा मिनिटांच्या फिल्मचा खिळा त्या सात फ्रेममध्ये होता.

सबटायटल्सशी मात्र आम्ही हरलो. इंग्रजीत ‘यू’ एकच. ‘सर’ घातलं तर मुलगा हॉटेलातला वेटर वाटायला लागला. ‘फादर’ घातलं तर चर्च. शेवटी दोन्ही ठिकाणी एकच वाक्य ठेवलं. मग महोत्सवांना पाठवायला सुरुवात झाली. प्रत्येक ठिकाणी प्रवेश फी, कुठे तीस डॉलर, कुठे साठ. एकतीस ठिकाणी पाठवली, सव्वीस नकार आले. एका ठिकाणहून परीक्षकाचा अभिप्राय आला: दृश्यं सुंदर आहेत, पण वडील-मुलाच्या नात्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत काही बदल होत नाही. तो अभिप्राय त्यानं मला पाठवला, खाली काही न लिहिता.

जिथे लागली तिथे मात्र लागली. शहरातल्या एका आशियाई महोत्सवात शनिवारी दुपारचा खेळ होता, निम्मं सभागृह कोरियन. दाराच्या सीनला ‘यो’ आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं हुंदका आवरला. मी साऊंडवाली, मला तो ऐकू आला. खेळ संपल्यावर कोरियन म्हाताऱ्यांची रांग लागली होती, पण ती त्याच्यासाठी नव्हती. ड्रायक्लीनवाल्या गृहस्थांचा हात धरायला लोक उभे होते. तो बाजूला भिंतीला टेकून ते बघत होता.

डिसेंबरात मी एक काम केलं, कुणी सांगितलं नव्हतं. फिल्मला मराठी सबटायटल्स दिली. दोन रविवार लागले. मराठीत ते इतकं सोपं होतं की मला वाईट वाटलं. जेवलात का? जेवलास का? बस, एवढंच. सांगलीला आईला लिंक पाठवली आणि व्हिडिओ कॉल लावून ठेवला. ती कोरियन काही बघत नाही, तिला सबटायटल्स वाचायची सवयही नाही. चष्मा नाकावर आणून, ओठ हलवत वाचत होती. तो माझ्या शेजारी येऊन बसला होता, फ्रेमच्या बाहेर. फिल्म संपली. आई काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “शेवटी ‘जेवलास’ म्हणाला गं पोरगा. आधी ‘जेवलात’ म्हणत होता.”

त्यानं विचारलं, काय म्हणाली? मी सांगितलं. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

आता पूर्ण लांबीच्या चित्रपटाची संहिता लिहून होत आली आहे, तिसरा खर्डा. कॅनडात पहिला चित्रपट करणाऱ्यांसाठी टेलिफिल्म या सरकारी संस्थेची योजना आहे, तिथे अर्ज करायचा आहे. मी साऊंडचं अंदाजपत्रक करून दिलं आहे, त्यात किमचीच्या फ्रिजसाठी वेगळी ओळ आहे. तोवर भाडं द्यायचंच आहे, त्यामुळे सेल्फ टेप चालू आहेत. उच्चार बदलून मागितले तर तो आता नाही म्हणतो. त्यामुळे दोन कामं गेली. एक राहिलं.

मागच्या मंगळवारी टेप होती. भूमिका शल्यविशारदाची, तीन वाक्यं. समोरची नर्स मी वाचणार होते, पण सर्दीनं माझा आवाज पार बसला होता. तो म्हणाला, राहू दे, उद्या करू. तेवढ्यात आई नाशपातीची बशी घेऊन आली. बशी ठेवली, माझ्या हातातला कागद घेतला, एप्रनला हात पुसले, चष्मा लावला आणि निळ्या कागदासमोरच्या खुर्चीत ताठ बसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हेडफोन चढवले. तिनं नर्सचं पहिलं वाक्य वाचलं, इंग्रजीत, मोठ्यानं, तिच्या स्वतःच्या उच्चारांत, एकही शब्द न गाळता, आणि त्यानं तिला उत्तर दिलं.